ट्रक ड्रायव्हरनं मोजलेला अणुबाँब

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर टाकलेला ‘लिटल बॉय’ हा अणुबाँब त्याआधी एकदाही फोडून पाहिलेला नव्हता. जुलैमध्ये न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात झालेली चाचणी प्लुटोनियमच्या, निराळ्याच रचनेच्या बाँबची होती. लिटल बॉयबद्दल शास्त्रज्ञ निर्धास्त होते, कारण त्यामागचं तत्त्व सरळ होतं. युरेनियमचे दोन भाग तोफेच्या नळीत एकमेकांपासून दूर ठेवायचे. वेगळे असेपर्यंत स्फोट नाही. एक दुसऱ्यावर डागला, की एका अणूच्या फुटण्यानं पुढचे अणू फुटत जाण्याची साखळी प्रक्रिया भडकते.

पण डागला तो कोणता भाग? लहान भरीव तुकडा मोठ्या पोकळ भागात शिरला, असंच पुस्तकं सांगत आली. एकानं लिहिलं, पुढच्यांनी उतरवून घेतलं. हे उलटं आहे, पोकळ भागच भरीव भागावर जाऊन बसला, असं साधार मांडलं ते जॉन कॉस्टर-मलन यांनी. विस्कॉन्सिनमधले ट्रक ड्रायव्हर, त्याआधी छायाचित्रकार.

सुरुवात अगदी साधी होती. हिरोशिमाला पन्नास वर्षं पूर्ण होणार म्हणून १९९३ मध्ये त्यांनी बाँबचं छोटं मॉडेल विकायचं ठरवलं. सोबत एक माहितीपत्रक हवं, म्हणून वाचायला घेतलं आणि त्या माहितीपत्रकाचं शेकडो पानी पुस्तक झालं! छापलं त्यांनी स्वतःच, आणि नवं काही हाती लागलं की ते दुरुस्तही करत राहिले.

मला त्यांची पद्धत फार मोलाची वाटते. गुप्त कागद त्यांच्याकडे नव्हते. ते संग्रहालयांत जाऊन बाँबची उरलेली कवचं मोजत. बाँब जिथं जुळवला गेला त्या पॅसिफिकमधल्या टिनियन बेटावरच्या जुन्या फोटोंत ओळखीच्या मापाची एखादी वस्तू शोधायची आणि तिच्याशी ताडून बाकीची मापं काढायची, हे छायाचित्रकाराच्या नजरेचं काम. बाँब जुळवणाऱ्या वृद्ध सैनिकांना ते गाठत आणि त्यांच्या आठवणी या मापांशी पडताळून बघत. कागद दडवता येतात. वस्तूचा आकार फोटोत राहतोच.

त्या बाँबमध्ये सुमारे ६४ किलो युरेनियम होतं. प्रत्यक्ष विखंडन झालं, म्हणजे अणू फुटले, ते एक किलोहूनही कमी युरेनियमचे. तेवढ्यानं एक शहर गेलं.

पुढं कॉस्टर-मलन यांनी मुलाला सोबत घेऊन लिटल बॉयची पूर्ण आकाराची प्रतिकृती बांधली. ती यूटामधल्या वेन्डोव्हरच्या जुन्या धावपट्टीवर पोहोचली. बाँब टाकणाऱ्या वैमानिकांनी सराव केला होता, तो तिथंच.