स्टार्टरचा 'खट्' आवाज कशाचा?

रब्बीच्या ओलितासाठी लाईन पुष्कळदा रात्रीच मिळते आणि ती आली की वावरात जाऊन स्टार्टरचे हिरवे बटण दाबावे लागते. बटण दाबताच पेटीतून 'खट्' असा आवाज येतो आणि मग विहिरीवरची मोटार फिरू लागते. विदर्भातील शेतकऱ्यांच्या मुलांना ओळखीचा असलेला हा आवाज एका चुंबकाचा असतो, आणि तोही अशा चुंबकाचा, जो बटण दाबण्यापूर्वी चुंबक नव्हताच. तो कसा तयार होतो हे समजून घेताना सुरुवात मात्र कंगव्यापासून केलेली बरी.

हिवाळ्यातील कोरड्या दिवसांत केसांवरून प्लॅस्टिकचा कंगवा दहा-बारा वेळा फिरवून कागदाच्या कपट्यांजवळ नेला, तर कपटे उडी मारून त्याला चिकटतात. (केसांना तेल चोपडलेले असेल तर प्रयोग बहुधा फसतो आणि बोल विज्ञानाच्या गुरुजींना लागतो.) घर्षणामुळे केसांतील काही इलेक्ट्रॉन कंगव्यावर जातात व कंगवा ऋण प्रभारित होतो. कागदावर जादा प्रभार नसतो. परंतु कंगवा जवळ येताच कागदाच्या रेणूंमधील इलेक्ट्रॉन किंचित पलीकडे सरकतात, अलीकडच्या बाजूस धन प्रभार वरचढ ठरतो आणि जवळचे आकर्षण दूरच्या प्रतिकर्षणापेक्षा जास्त असल्यामुळे कपटा ओढला जातो. काही कपटे कंगव्याला टेकून लगेच दूर फेकले जातात, कारण टेकल्यावर त्यांनाही ऋण प्रभार मिळतो आणि सजातीय प्रभार एकमेकांना दूर लोटतात.

हाच प्रयोग जुलैच्या झडीत करून पाहिल्यास कपटे ढिम्म हलत नाहीत. दमट हवेत वस्तूंवर ओलाव्याचा पातळ थर बसतो आणि साठण्यापूर्वीच प्रभार त्यातून निसटतो. सुती कापड ओलावा धरून ठेवते, पॉलिएस्टर जवळजवळ धरत नाही. म्हणून थंडीत अंधारात पॉलिएस्टरचे ब्लँकेट ओढताना ज्या ठिणग्या दिसतात, त्या गोधडीत सहसा दिसत नाहीत. अर्थात कापूसही फार वाळला की प्रभारित होतो आणि जिनिंगमध्ये यंत्राला चिकटू लागतो.

हवेत एक मिलिमीटर लांबीची ठिणगी पडायला साधारण 3 ते 4 हजार व्होल्ट लागतात. एवढ्या व्होल्टची ठिणगी बोटाला नुसती टोचून जाते, आणि घरातील 230 व्होल्टची वीज मात्र जीव घेते. ठिणगीमागचा प्रभार अत्यल्प असतो व क्षणात संपतो. घरातील तारेमागे तो न संपणारा असतो. 1 अँपिअर प्रवाह म्हणजे तारेच्या छेदातून दर सेकंदाला सुमारे 6 अब्ज गुणिले 1 अब्ज इलेक्ट्रॉन सरकणे. गंमत अशी, की तारेतील इलेक्ट्रॉन गोगलगाईपेक्षाही हळू पुढे जातात. तरी बटण दाबताच दिवा लागतो, जसे पाण्याने आधीच भरलेल्या पाइपाचा कॉक उघडताच दुसऱ्या टोकाला पाणी पडते.

साचलेला प्रभार कपटे ओढतो, पण वाहणारा प्रभार आणखी एक काम करतो. प्रवाह वाहत असलेल्या तारेजवळ होकायंत्राची सुई वळते, हे हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड यांनी 1820 मध्ये कोपनहेगनला दाखवले. पाच वर्षांनी इंग्लंडमध्ये विल्यम स्टर्जन यांनी वार्निश लावलेल्या लोखंडावर उघडी तार गुंडाळून पहिला उपयोगी विद्युतचुंबक केला. तार उघडी असल्याने वेढे एकमेकांना टेकू न देता दूर-दूर द्यावे लागत. अमेरिकेतील जोसेफ हेन्री यांनी तारेवरच रेशीम गुंडाळले, त्यामुळे वेढ्यांवर वेढे बसू लागले आणि चुंबकाचे बळ कितीतरी वाढले.

आज रेशमाच्या जागी इनॅमल असते. मोटार वाइंडिंगच्या दुकानातून अशा तारेचा तुकडा आणावा, लोखंडी खिळ्यावर तिचे पन्नासेक वेढे द्यावेत, दोन्ही टोकांचे इनॅमल पॉलिश पेपरने खरवडून ती 1.5 व्होल्टच्या सेलला जोडावीत. खिळा टाचण्या उचलतो आणि तार सोडताच बहुतेक टाचण्या गळून पडतात. सेल व तार लवकर तापतात, म्हणून जोडणी काही सेकंदच ठेवावी. आणि हा खेळ घरातील प्लगवर कधीही करू नये.

स्टार्टरमध्ये हेच घडते. हिरव्या बटणामुळे कॉइलमधून प्रवाह वाहतो, तिच्यातील लोखंड चुंबक होते आणि स्प्रिंगच्या विरुद्ध समोरचा लोखंडी भाग ओढून घेते. तो आदळल्याचा आवाज म्हणजे 'खट्'. त्याच झटक्यात तिन्ही फेजचे संपर्क जुळतात, शिवाय एक छोटा संपर्क कॉइलचा प्रवाह चालू ठेवतो, म्हणून बोट काढले तरी मोटार थांबत नाही. लाईन गेली की चुंबकत्व जाते आणि स्प्रिंग संपर्क तोडते. लाईन परत आल्यावर मोटार आपोआप सुरू न होणे कडाक्याच्या थंडीत फार जाचते, पण त्या वेळी कोणाचा हात पंपात असू शकतो, हे विसरून चालत नाही.

चालू स्टार्टरला कान दिल्यास हलकी गुणगुण ऐकू येते. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तने करते. प्रत्येक आवर्तनात प्रवाह दोनदा शिगेला पोहोचतो आणि त्याची दिशा कोणतीही असली तरी लोखंड ओढलेच जाते, म्हणून ही ओढ सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होते. लोखंडाच्या दोन तोंडांमध्ये वावरातली धूळ बसली, तर ती नीट टेकत नाहीत आणि गुणगुणीची घरघर होते. अशा वेळी जाणकार इलेक्ट्रिशियन आधी मेन स्विच बंद करतो आणि मग पेटी उघडून ती तोंडे फडक्याने पुसतो.