रात्री घरात शिरलेल्या चोराला मारलं तर गुन्हा होत नाही?

'सूर्यास्तानंतर घरात शिरलेल्या चोराचं काहीही करा, कायदा तुमच्या बाजूने आहे,' असा संदेश वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो निराधार नाही, पण अर्धवट आहे, आणि उरलेला अर्धा भाग माहीत नसल्यामुळे साधी माणसं तुरुंगात जाऊ शकतात.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 41 नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घरफोडी होत असेल, तर मालमत्तेच्या बचावाचा हक्क हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंतही पोचू शकतो. संदेश इथेच थांबतो. पण हे कलमच सांगतं की हा हक्क कलम 37 च्या मर्यादेत आहे: बचावाला लागेल तेवढीच इजा, आणि पोलिसांची मदत मागायला वेळ असेल तर हा हक्कच नाही.

शिवाय घरफोडीची व्याख्या कलम 330 मध्ये आहे. कुलूप उघडून किंवा खिडकीतून शिरणं ही घरफोडी; सताड उघड्या दारातून आत येणं एरवी त्यात बसत नाही. कलम 43 प्रमाणे रात्रीच्या घरफोडीत हा हक्क चोर घरात असेपर्यंतच. तो कुंपण ओलांडून पळाला आणि मागून डोक्यात दांडका घातला, किंवा खांबाला बांधून गल्लीने चोपला, तर तो बचाव उरत नाही. बचाव होता हे दाखवण्याची जबाबदारीही न्यायालयात आपल्यावरच येते.

ही चारही कलमं सरकारी संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. 37 आणि 41 शेजारी ठेवून वाचा. आणि रात्री खुडबुड ऐकू आली तर मुलांना घेऊन खोलीची कडी लावा, दिवे लावा, शेजाऱ्यांना हाका मारा, 112 ला फोन करा.