रुग्णवाहिकेला वाट देणं आणि अंत्ययात्रेला वाट देणं

सायरन ऐकू आला की आपण गाडी कडेला घेतो. शववाहिका आणि तिच्यामागे चारही इंडिकेटर लावलेल्या गाड्यांची रांग दिसली तरी पाय ब्रेकवर जातोच. दोन्हीकडे वाट द्यायची, त्यामुळे नियमही तोच असणार असं वाटतं. गैरसमज फक्त बघणाऱ्यांचा नसतो. ताफ्यातले लोकही कधी कधी रुग्णवाहिकेसारखे लाल सिग्नल ओलांडत सुटतात.

रुग्णवाहिका एकटी असते, तिचा चालक सरावलेला असतो आणि ती लांबूनच कळते. ती गेली की चौक मोकळा. अंत्ययात्रेला घाई नसते, तिला फक्त एकत्र राहायचं असतं. म्हणून जिथे कायदा तिला अग्रक्रम देतो, तिथे सगळी रांग मिळून एकच लांब वाहन धरलं जातं. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात रांगेतली सगळ्यात पुढची गाडी नियमाने चौकात शिरली की मागच्यांना सिग्नल काहीही असला तरी तिच्यामागून जाता येतं. पुढच्या गाडीवर मात्र पिवळा किंवा जांभळा दिवा लागतो, आणि रुग्णवाहिका आली तर ताफ्याने तिला वाट द्यायची. जर्मनीच्या वाहतूक नियमांतलं कलम २७ मला जास्त शहाणपणाचं वाटतं: अंत्ययात्रा इतरांनी मध्येच तोडू नये, पण ती लांब असेल तर तिनेच योग्य अंतराअंतरावर बाकीच्यांसाठी जागा सोडावी.

जिथे असा कायदा नसतो, तिथे लोक थांबतात ते मान म्हणून. आणि मान म्हणून थांबलेला माणूस चार गाड्या गेल्या की निघतो. रांग संपली असंच त्याला वाटतं.

खरा धोका इथे, शेपटाकडे आहे. हिशेब करून बघा. २० गाड्या, प्रत्येकी साडेचार मीटर, मध्ये १० मीटर अंतर: रांग २८० मीटर. ताशी ३० किलोमीटर वेगाने ती एखाद्या ठिकाणावरून पुढे जायला साधारण ३४ सेकंद लागतात. गर्दीत हेच अंतर २५ मीटर झालं की रांग ५६५ मीटर होते आणि वेळ दुप्पट, म्हणजे ६८ सेकंद. तेवढ्यात आडव्या रस्त्याचा सिग्नल हिरवा होतो. तिकडून निघालेल्याला शववाहिका दिसलेलीच नसते. त्याच्या दृष्टीने सतरावी गाडी म्हणजे सिग्नल तोडणारी एक साधी गाडी. तिचा चालक मात्र पुढच्याला गाठायच्या नादात, आदल्या रात्री बहुधा न झोपलेला.

चारही इंडिकेटर लावल्याने यातलं फारसं काही सुटत नाही. बहुतेक गाड्यांत ते चालू असताना वळण्याचा इशारा देताच येत नाही, म्हणजे रांग कुठे वळणार हे कुणालाच कळत नाही. दिवसासुद्धा लो बीमवर हेडलाइट लावणं बरं. शेवटच्या गाडीवर ठळक खूण हवी, कारण वाट देणाऱ्याला मुख्य प्रश्न तोच असतो: संपली का?

रांगेच्या बाजूने पुढे-मागे धावत चौक अडवणारे हौशी दुचाकीस्वार मला सगळ्यात धोक्याचे वाटतात. विरुद्ध लेनमध्ये त्यांना कसलंही संरक्षण नसतं. हे काम वाहतूक पोलिसांचं आहे. आधी कळवून त्यांची मदत मागावी.

पायी निघालेल्या अंत्ययात्रेत लोकांचं लक्ष पुढे असतं, गाड्या मागून येतात. त्यामुळे पुढे एक आणि मागे एक माणूस भडक जॅकेट घालून चालायला हवा, अंधार असेल तर पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा घेऊन. मागच्याने घोळक्याला चिकटून न राहता थोडं अंतर ठेवावं.

मोटारींच्या ताफ्यात निघण्यापूर्वीच सगळ्यांना स्मशानभूमीचं लोकेशन पाठवून ठेवावं. मग सिग्नलला मागे राहिलेल्या गाडीने निवांत थांबावं, आपली आपण यावं.