रामायण (दूरदर्शन मालिका) : निर्मिती, ट्रिकसीन आणि बडोद्याशी असलेले नाते

रामानंद सागर यांनी निर्माण व दिग्दर्शित केलेली हिंदी पौराणिक मालिका. दूरदर्शनवरून २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात दर रविवारी सकाळी साडेनऊ वाजता प्रक्षेपित झाली. ठरलेले भाग ५२ होते. मुदत वाढत गेली आणि एकूण ७८ भाग झाले. जाहिराती धरून वेळ पाऊण तासाची, कथाभाग सुमारे ३५ मिनिटांचा. चित्रीकरण गुजरात-महाराष्ट्राच्या सीमेवरील उंबरगावच्या वृंदावन स्टुडिओत झाले. तरीही या मालिकेचा विचार बडोद्याला (वडोदरा) वगळून करता येत नाही. तिच्यातले देव जसे दिसतात ते रूप घडण्यात या शहराचा मोठा वाटा आहे, आणि त्या रूपाचे मतांत काय होते हेही याच शहराने पाहिले.

पूर्वपीठिका

सागर यांनी आधी १९८५ मध्ये ‘विक्रम और बेताल’ ही अद्भुतकथांची मालिका केली. सोमदेवाच्या कथासरित्सागरातील वेताळकथांवर ती आधारलेली होती. सज्जन यांनी बेताल साकारला, अरुण गोविल यांनी विक्रम. रामायणातले अनेक चेहरे आणि बऱ्याच युक्त्या तिथे आधी तपासून झाल्या होत्या. ती रामायणाची रंगीत तालीमच होती, असे म्हणायला हरकत नाही.

पण देवादिकांचे जे रूप या मालिकांनी पडद्यावर आणले ते त्याहून शंभरेक वर्षे जुने आहे. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव (तंजावरचे मराठी) यांनी राजा रविवर्म्याला त्याच्या चित्रांच्या रंगीत छापील प्रती काढण्याचा सल्ला दिला. पुढे सयाजीराव गायकवाडांनी लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी त्याच्याकडून चौदा पौराणिक चित्रे करून घेतली. रविवर्म्याने १८९४ मध्ये छापखाना काढला आणि देव्हाऱ्यापासून किराणा दुकानापर्यंत हीच चित्रे भिंतीवर आली. भरजरी नेसणे, पाठीमागे खांब आणि मखमली पडदा, पुढ्यात थेट प्रेक्षकाकडे पाहणारी आकृती : मालिकेतल्या दरबारी दृश्यांची मांडणी हीच आहे. रविवर्म्याचे सीतेच्या भूमिप्रवेशाचे चित्र आजही बडोद्याच्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात पाहता येते.

दुसरा धागा दादासाहेब फाळक्यांचा. १८९० नंतर ते बडोद्याच्या कलाभवनात शिकले, छायाचित्रण आणि छपाईची गोडी त्यांना तिथे लागली. पुढे ते रविवर्म्याच्या छापखान्यातही काम करून आले. कॅमेरा थांबवून वस्तू बदलणे, एकाच फिल्मवर दोनदा चित्र घेणे या त्यांच्या करामती पौराणिक चित्रपटांच्या पायात आहेत. दूरदर्शनच्या काळात यंत्रे बदलली, युक्ती फारशी बदलली नाही.

ट्रिकसीन

रामायणाच्या ट्रिकसीनची (कॅमेऱ्याच्या युक्तीने केलेल्या चमत्कारदृश्यांची) जबाबदारी रवी नगाइच यांच्याकडे होती, कॅमेरा अजित नाईक यांचा. संगणकीय चित्रणाच्या आधीचा तो काळ. त्या काळच्या पौराणिक मालिकांत ज्या मुख्य पद्धती वापरात होत्या त्या अशा.

भव्य राजवाडा पुरा बांधणे परवडत नाही. म्हणून दहा-बारा फुटांपर्यंतचा भाग खरा उभारतात आणि वरचे मजले, कळस, मागचे डोंगर काचेवर रंगवतात. ही काच कॅमेऱ्यापुढे चार-सहा फुटांवर पक्की बसवली की रंगवलेले आणि बांधलेले एकच दिसते. काच जवळ आणि सेट लांब. दोन्ही स्पष्ट यावेत म्हणून रुंद कोनाचे भिंग लावून त्याचे छिद्र ११ किंवा १६ या आकड्यापर्यंत (आकडा मोठा तितके छिद्र लहान) बारीक करावे लागते, म्हणजे उजेडही तितकाच जास्त हवा. साहजिकच हे काम उन्हात होते, आणि तिथेच ते बिघडते. काचेवरची सावली रंगवलेली, ती हलत नाही. ऊन मात्र सरकते. तासाभराने खऱ्या खांबाची सावली एकीकडे, रंगवलेल्या खांबाची दुसरीकडे. तिपाईला कुणाचा पाय लागला तर जोड उघडा पडतो, म्हणून चित्रकार ब्रश घेऊन शेजारीच उभा. कॅमेऱ्याचे प्रतिबिंब काचेत येऊ नये म्हणून मागे काळे कापड ताणतात. नटाने आवेशात हात जोडाच्या रेषेच्या वर नेला तर तो कळसाआड गडप होतो. पट्टीच्या नटालाही ही रेषा पाठ करावी लागे.

आकाशातून जाणारा माणूस किंवा तळहातावर उभा असलेला माणूस दाखवायला क्रोमा की. नटामागे निळा पडदा; यंत्र निळा रंग काढून त्या जागी दुसरे चित्र बसवते. पडद्यावर एकसारखा उजेड हवा, सुरकुती किंवा सावली पडली की तिथे भोक. नट पडद्यापासून निदान आठ-दहा फूट पुढे ठेवतात, नाहीतर पडद्याचा निळा उजेड त्याच्या खांद्यांवर उतरतो. पौराणिक पोषाखाला ही पद्धत मुळीच मानवत नाही. निळे उपरणे किंवा मोरपीस असेल तर ते नाहीसे होते. मोकळे केस आणि झिरझिरीत ओढणी कडेला कुरतडल्यासारखी दिसते. सर्वांत त्रासदायक मुकुट : चकचकीत पत्र्यात निळा पडदा प्रतिबिंबित होतो आणि देवाच्या कपाळावरून मागचे ढग दिसू लागतात. त्यावर उपाय म्हणजे धातूवर पावडर किंवा मेण चोळून चकाकी मारणे. शिवाय पाल (दूरदर्शनच्या रंगीत प्रक्षेपणाची पद्धत) पद्धतीच्या चित्रात रंगाचा तपशील उजेडाच्या तपशिलाच्या मानाने पाव हिश्श्याच्या आसपास असतो, त्यामुळे कडा कितीही सांभाळली तरी थोडी भुरभुरते. गंमत अशी की त्या काळी बहुतेक घरांत संच कृष्णधवल होते आणि त्यावर ही निळसर किनार करड्या रंगात मिसळून जाई.

बाणांची लढाई वेगळी. तेजस्वी बाण काळ्या पार्श्वभूमीवर टिपून दृश्यावर चढवतात. अशा चढवणीत उजेडात उजेड मिळतो. मागे पांढरे आकाश असेल तर बाण पारदर्शक होऊन विरतो. पौराणिक युद्धांतले आभाळ नेहमी झाकोळलेले का, याचे उत्तर बरेचसे यात आहे. दुसरे पथ्य दिशेचे. रामाचा बाण डावीकडून उजवीकडे सुटला तर रावणाचा उलटच यायला हवा. एखाद्या तुकड्यात कॅमेरा पलीकडच्या बाजूला गेला की रावण स्वतःच्याच सैन्यावर बाण सोडताना दिसतो. दोन्ही योद्धे बहुधा वेगवेगळ्या वेळी चित्रित होत, त्यामुळे ही चूक संकलनाच्या टेबलावर उघडी पडे.

ढगांना पिंजलेला कापूस आणि पहाटेच्या धुक्याला अगरबत्तीचा धूर, हे रामायणाच्या चमूतील लोकांनीच सांगितले आहे. धूर वर चढतो. धुके जमिनीलगत हवे असेल तर कोरडा बर्फ (उणे ७८ अंश) कोमट पाण्यात टाकतात; त्याचे धुके घोट्याएवढ्या उंचीवर पसरते, पण वाऱ्याची झुळूक आली की संपले. छोट्या प्रतिकृती जळताना किंवा कोसळताना खेळणे वाटू नयेत म्हणून चित्रण संथ करावे लागते, आणि त्याचे गणित आहे : प्रतिकृती सोळापट लहान असेल तर वेग सोळाच्या वर्गमुळाइतका, म्हणजे चौपट, सेकंदाला २५ ऐवजी १०० चौकटी. तेव्हाचा व्हिडिओ कॅमेरा वेग बदलू शकत नसे, त्यासाठी फिल्मचा कॅमेराच लागे. पाण्याचा थेंब मात्र कुठल्याच गणिताला जुमानत नाही. समुद्राची प्रतिकृती म्हणूनच लगेच ओळखू येते.

मराठी अंग

मालिकेच्या श्रेयनामावलीत वाल्मीकी आणि तुलसीदासांबरोबर संत एकनाथांच्या भावार्थ रामायणाचाही आधार म्हणून उल्लेख आहे. कौसल्या झालेल्या जयश्री गडकर आणि दशरथ झालेले बाळ धुरी हे प्रत्यक्षातही पतिपत्नी. ललिता पवारांची मंथरा, संजय जोग यांचा भरत. मराठी घरांत त्यामुळे अयोध्येचा निम्मा दरबार आधीपासून ओळखीचा होता. संगीत रवींद्र जैन यांचे.

प्रतिसाद

रविवारी सकाळी रस्ते ओस पडणे, संचाला हार घालणे, उदबत्ती लावणे हे देशभर घडले. समीक्षकांनी संथ गती, लांबलचक जवळची दृश्ये आणि भडक नेपथ्य यांवर टीका केली. ती चुकीची नव्हती. पण प्रेक्षकाला जोड दिसत नव्हते असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. गच्चीवर एकाने अँटेना फिरवायचा, खालून दुसऱ्याने ‘आला, आला... गेला!’ असे ओरडायचे आणि मुंग्यांतून जे दिसेल ते पाहायचे, अशी ती पाहणी होती. चित्र भिंतीवरच्या तसबिरीसारखे असले की पुरे. ते कसे केले आहे हा प्रश्न दुय्यम. संथपणाही त्यामुळेच खपला : तसबिरीपुढे कोणी घाई करत नाही.

बडोद्यातला प्रतिसाद मतपेटीतून मोजला गेला. १९९१ च्या लोकसभा निवडणुकीत सीतेची भूमिका केलेल्या दीपिका चिखलिया भारतीय जनता पक्षातर्फे बडोद्यातून उभ्या राहिल्या. समोर काँग्रेसचे रणजितसिंह गायकवाड : १९८० पासून १९८९ पर्यंत इथले खासदार, राजघराण्याचे प्रमुख आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले चित्रकार. दांडिया बाजारासारख्या जुन्या मराठी वस्तीला गायकवाड हे नाव परके नव्हते. तरी चिखलिया निवडून आल्या. रविवर्म्याला ज्या घराण्याने आश्रय दिला त्याचाच वारस त्या चित्रांतून उतरलेल्या सीतेकडून हरला, हा योग विलक्षणच. मात्र या विजयाचे सगळे श्रेय मालिकेला देता येणार नाही. राममंदिराच्या आंदोलनाने त्या वेळी गुजरातचे राजकारण ढवळून निघाले होते. त्याच निवडणुकीत रावण झालेले अरविंद त्रिवेदी साबरकांठ्यातून लोकसभेत गेले. राम झालेले अरुण गोविल मात्र थेट २०२४ मध्ये, मेरठमधून.

पुढील आवृत्त्या

मूळ मालिका राज्याभिषेकाशी थांबली, तेव्हा उत्तरकांडही दाखवावे म्हणून पंजाबात सफाई कामगारांनी संप केला; त्यानंतर लव-कुशाचा भाग स्वतंत्रपणे आला. २००८ मध्ये सागर यांच्याच संस्थेने एनडीटीव्ही इमॅजिन वाहिनीसाठी रामायण नव्याने केले, आणि या वेळी चित्रीकरण बडोद्यात झाले. गुरमीत चौधरी राम आणि देबिना बॅनर्जी सीता होती. तोवर संगणकीय चित्रण हाताशी आले होते.

टाळेबंदीत २८ मार्च २०२० पासून मूळ मालिका पुन्हा दाखवण्यात आली. १६ एप्रिलचा भाग ७.७ कोटी लोकांनी पाहिला असा दूरदर्शनचा दावा होता. तो जागतिक विक्रम आहे का यावर वाद झाला. या वेळी ती मोठ्या सपाट रंगीत पडद्यांवर पाहिली गेली, आणि क्रोमाच्या कडा व ढगांतला कापूस १९८७ पेक्षा कितीतरी स्पष्ट दिसत होता.