पाटाचं पाणी आणि सरकारी खातेवही

दख्खनच्या काळ्या जमिनीला पाणी विकणं हा बेभरवशाचा धंदा आहे, हे इंग्रज सरकारला कालवे काढल्यावर कळलं. पाऊस बरा झाला की ही माती ओल धरून ठेवते आणि नुसत्या त्या ओलीवर रब्बीची ज्वारी निघते. अशा वर्षी शेतकरी पाटाकडे फिरकतही नाही. पाऊस रुसला की मात्र सगळ्यांनाच एकदम पाणी हवं असतं, आणि कालवा काही त्या वर्षापुरता रुंद होत नाही. गिऱ्हाईक एक तर शून्य, नाही तर दारात झुंबड.

मग एवढा पैसा घातला कशासाठी? १८७६-७८ च्या दुष्काळासाठी. त्यानंतर हिंदुस्थान सरकारनं दरवर्षी दीड कोटी रुपये दुष्काळनिधी म्हणून वेगळे काढायचं ठरवलं. कालव्यांची तेव्हा दोन खाती असत. ‘उत्पादक’ कालवा कर्ज काढून बांधायचा आणि पाणीपट्टीतून त्याचं व्याज सुटलं पाहिजे. ‘संरक्षक’ कालवा नफ्यासाठी नव्हे, तर पुढच्या दुष्काळात मदतकामांवरचा खर्च वाचावा म्हणून. पंजाबातले कालवे पहिल्या खात्यात शोभून दिसत. आपल्याकडचे कालवे बहुतेक दुसऱ्या खात्यातले. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला, त्याला पाणी पुरवणारं भाटघरचं पहिलं धरण १८९२ पर्यंत पुरं झालं. कालव्याचं पाणी जायचं ते पुणे जिल्ह्याच्या अवर्षणी पट्ट्यात, जिथं वर्षाचा पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटर.

खात्याचं नाव संरक्षक असलं, तरी वसुलीचा आकडा वरचे साहेब विचारायचेच. ज्वारी तो आकडा देईना. ऊस देऊ शकत होता. तो वर्षभर शेतात उभा राहतो, पाऊस असो-नसो पाणी मागतो आणि त्याची पट्टीही जास्त. दुष्काळी रयतेसाठी काढलेल्या पाटावर ऊस आला तो असा. त्यात कुणाचा डाव होता असं मला वाटत नाही. वहीतली बेरीज जुळवता जुळवता पीक बदललं.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तेव्हा मुंबई इलाख्याच्या नोकरीत होते. १९०१-०३ च्या सिंचन आयोगाच्या सुमारास त्यांनी तोड काढली ती ब्लॉक पद्धतीची. गावोगावच्या भिजणाऱ्या जमिनीचे तुकडे आखून द्यायचे आणि त्यात ऊस व इतर पिकं आळीपाळीनं फिरवायची, म्हणजे पाणी मूठभर बागायतदारांकडे न साचता लांबपर्यंत पोचेल आणि जमिनीलाही विसावा मिळेल. आधी शेतकऱ्यांनी विरोध केला, मग पद्धत रुळली. पण पट्टी राहिली एकराची आणि पिकाची. पाणी मोजून त्यावर पैसे घेणं नव्हतंच. एकरभर उसाचे पैसे एकदा भरले, की पाळीला चार बोटं पाणी जास्त घेतलं तर खिशाला तोशीस नाही.

मातीला मात्र होती. काळ्या मातीतले चिकणकण पाणी पिऊन फुगतात आणि फुगले की पाणी जायच्या वाटा बुजतात. उसाला हंगामभरात दोनेक मीटर उंचीचं पाणी लागतं, म्हणजे त्या पट्ट्यातल्या पावसाच्या चौपट. त्यातलं झिरपलेलं पाणी खाली साचत जातं आणि भूजल वर चढतं. ते जमिनीखाली हात-दोन हातांवर आलं, की दिव्याची वात तेल ओढते तसं मातीतल्या केसासारख्या पोकळ्यांतून वर ओढलं जातं. ऊन पाणी उडवून नेतं, क्षार मागे ठेवतं. हे क्षार कालव्याच्या पाण्यानं आणलेले नसतात (सह्याद्रीतलं ते पाणी गोडच). खडक झिजताना मातीतच मुरलेले असतात, पाणी त्यांना फक्त वर आणून सोडतं. आधी जमीन चिबड, म्हणजे पाणी साचून कायम ओली, होते, मग तिच्यावर पांढरी बुरशी आल्यासारखं मीठ फुटतं. त्यात सोडियम वाढला तर चिकणकण एकमेकांपासून सुटतात, माती घट्ट लिंपल्यासारखी होते. तिला शेतकरी चोपण म्हणतात. चोपणात पाणी मुरतही नाही आणि बीही उगवत नाही.

याच काळात तगाईच्या, म्हणजे सरकारनं शेतकऱ्यांना दिलेल्या, कर्जावर विहिरीही खोदल्या जात होत्या. त्यासाठीचा कायदा १८८३ चा. विहिरीचं पाणी मोटेनं उपसायचं, बैलांचा घाम काढायचा, म्हणून ते जपून वापरलं जाई. शिवाय उपशामुळे भूजल खालीच राहतं. पाटाशेजारी विहीर चालू असणं हा निचऱ्याचाच एक प्रकार. पण पाटाचं पाणी आपसूक शेतात येत असताना मोट कोण जुंपणार?

पुण्याच्या शेतकी कॉलेजातले हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास १९१० साली प्रसिद्ध केला. कालव्याला पुरती पंचवीस-तीस वर्षंही झाली नव्हती. उपाय माहीत होता: खोल चर खणायचे, वरून भरपूर पाणी देऊन मीठ विरघळवायचं आणि चरातून नाल्याला, नदीला लावून द्यायचं. ज्या पाण्यानं जमीन बिघडली त्याच पाण्यानं ती धुवायची, फक्त त्याला बाहेर पडायला वाट हवी. अडचण अशी की चरावर पाणीपट्टी बसवता येत नाही.

तरी १९१६ साली मुंबई सरकारनं सिंचन आणि शेतीची सांगड घालण्यासाठी एक छोटा खास विभाग उघडला. क्लॉड इंग्लिस या अभियंत्यानं तो पुढे वाढवला. चिबड जमिनींपासून सुरू झालेलं काम कालव्यांच्या, नद्यांच्या प्रतिकृतींपर्यंत गेलं. खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत अनुसंधान केंद्र, जिथं आज बंदरांच्या आणि धरणांच्या प्रतिकृती पाण्यात उभ्या करून तपासतात, ते त्याच विभागातून वाढलेलं आहे.