गेम कंट्रोलरमधील बॅटरी : अंतर्भूत आणि बदलता येणारी

बिनतारी गेम कंट्रोलरला वीज पुरवण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत : कवचाच्या आत बसवलेली व केबलने चार्ज होणारी लिथियम-आयन बॅटरी, आणि झाकण काढून वापरणाऱ्याला स्वतः बदलता येणारे घट, म्हणजे बहुधा ‘एए’ आकाराचे दोन पेन्सिल सेल.

बिनतारी कंट्रोलरचा आरंभ पुष्कळदा निन्टेन्डोच्या वेव्हबर्डपासून (२००२) सांगितला जातो. तथापि अटारीने १९८३ च्या सुमारास नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या रेडिओ जॉयस्टिक विक्रीस आणल्या होत्या. त्यामुळे वेव्हबर्डला पहिला न म्हणता पहिला समाधानकारक बिनतारी कंट्रोलर म्हणणे अधिक योग्य ठरेल. दोन पेन्सिल सेलवर चालणाऱ्या वेव्हबर्डमध्ये कंपनाची सोय मात्र नव्हती. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० च्या बिनतारी कंट्रोलरमध्ये (२००५) सेलचीच पद्धत स्वीकारली, तर सोनीने प्लेस्टेशन ३ च्या सिक्सॲक्सिस कंट्रोलरपासून (२००६) अंतर्भूत बॅटरी वापरली. पुढे हीच विभागणी बऱ्याच अंशी कायम राहिली. अंतर्भूत बॅटरीचा एक्सबॉक्स एलिट सिरीज २ (२०१९) हा तिला ठळक अपवाद.

एक्सबॉक्सने सेल का टिकवून ठेवले, याविषयी मतभेद आहेत. सेल बनवणाऱ्या ड्युरासेल कंपनीच्या ब्रिटनमधील एका प्रतिनिधीच्या विधानावरून २०२१ मध्ये यामागे व्यापारी करार असल्याची चर्चा झाली. मायक्रोसॉफ्टने मात्र कोणत्याही कंपनीचे सेल, स्वतंत्र रिचार्जेबल पॅक किंवा केबल यांतून निवड करण्याची मुभा ग्राहकाला असावी, हा हेतू सांगितला. करार असला तरी तेवढ्याने २००५ पासूनच्या या रचनासातत्याचा उलगडा होतो असे वाटत नाही.

केवळ मिलीअँपिअर-तासांवरून, म्हणजे बॅटरीत साठणाऱ्या विद्युतभारावरून, केलेली तुलना दिशाभूल करते; कारण प्रत्यक्ष ऊर्जा (वॉट-तास) ही क्षमता आणि व्होल्टता यांच्या गुणाकाराने ठरते. प्रत्येकी २,००० मिलीअँपिअर-तास क्षमतेचे दोन निकेल-मेटल हायड्राइड सेल एकसरीत जोडल्यास व्होल्टता २.४ होते, क्षमता २,००० च राहते आणि ऊर्जा सुमारे ४.८ वॉट-तास मिळते. याउलट सोनीच्या ड्युअलशॉक ४ कंट्रोलरमधील १,००० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी सुमारे ३.७ व्होल्टची असल्याने तिची ऊर्जा साधारण ३.७ वॉट-तास, तर त्यानंतरच्या ड्युअलसेन्समधील १,५६० मिलीअँपिअर-तासांच्या बॅटरीची ५.७ वॉट-तासांच्या आसपास भरते. अल्कलाइन सेलची व्होल्टता १.५ पासून क्रमशः उतरते. निकेल-मेटल हायड्राइडची १.२ च्या जवळपास दीर्घकाळ स्थिर राहून शेवटी एकदम कोसळते. म्हणून अल्कलाइन सेल गृहीत धरून बनवलेला चार्जदर्शक रिचार्जेबल सेलसाठी विश्वसनीय नसतो.

लिथियम-आयन बॅटरी न वापरताही जीर्ण होते, आणि पूर्ण चार्ज स्थितीत उष्ण जागी ठेवल्यास अधिक वेगाने. अल्कलाइन सेल विसरून आत राहिल्यास गळून संपर्कपट्ट्या गंजवतात. अर्थात ‘अंतर्भूत’ म्हणजे अपरिवर्तनीय असे नव्हे : ड्युअलशॉक ४ चे मागचे चार स्क्रू काढल्यावर कनेक्टरने जोडलेली बॅटरी सोडवता येते. निन्टेन्डोच्या स्विच प्रो कंट्रोलरमध्ये तर कंपनीच्या ३डीएस या हातातल्या गेमयंत्रामधीलच १,३०० मिलीअँपिअर-तासांचा पॅक आहे.

युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमावलीनुसार, काही अपवाद वगळता, उपकरणांतील लहान बॅटऱ्या १८ फेब्रुवारी २०२७ पासून ग्राहकाला स्वतः काढता व बदलता आल्या पाहिजेत. भारतातील बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम (२०२२) वापरलेल्या बॅटऱ्यांचे संकलन व पुनर्चक्रीकरण यांची जबाबदारी उत्पादकांवर टाकतात.