जुन्या रॅमशेजारी नवी रॅम नांदेल का?

गेम मध्येच अडखळायला लागला आणि रॅम वाढवायचे ठरले, की पहिला प्रश्न येतो: किती जीबी घेऊ? याचे उत्तर खरे तर सगळ्यांत सोपे आहे. आजच्या गेमसाठी १६ जीबी म्हणजे किमान आणि ३२ जीबी म्हणजे निर्धास्त. त्यापुढची रॅम व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांच्या किंवा व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्यांच्या कामाची. नुसते गेम खेळणाऱ्याला तिचा फरक क्वचितच जाणवतो. अडचण येते ती पुढे. नवी स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, स्लॉटमध्ये व्यवस्थित बसते, दिवे लागतात, पंखे फिरतात आणि स्क्रीन काळीच राहते. त्याहून वाईट म्हणजे, संगणक सुरू होतो, काही दिवस गुण्यागोविंदाने चालतो आणि मग ऐन मोक्याच्या वेळी निळी स्क्रीन दाखवतो.

खरेदीआधी एक खात्री करून घ्यावी. नेहमीचा गेम सुरू करा, थोडा वेळ खेळा आणि टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा आलेख पाहा. १६ पैकी १५ जीबी भरलेली असेल आणि त्याच वेळी डिस्कची धावपळ चालू असेल, तर रॅम खरोखरच कमी पडते आहे. रॅम भरली की विंडोज तिच्यातला काही मजकूर डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. चांगल्या एसएसडीलाही, म्हणजे वेगवान डिस्कलाही, या आणण्यासाठी रॅमच्या शेकडो पट वेळ लागतो. त्यामुळे सरासरी एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, ठीक दिसते, पण मधूनच चित्र क्षणभर गोठते. आलेखावर १० जीबीच भरलेली दिसत असेल, तर दोष बहुधा ग्राफिक्स कार्डात किंवा प्रोसेसरमध्ये आहे. मग कितीही रॅम घातली तरी हाती काही लागणार नाही.

आता जुळण्याचा प्रश्न. पहिली अट पिढीची, आणि ती फार वेळ खाणारी नाही. डीडीआर३ च्या स्टिकला २४० पिना असतात, डीडीआर४ आणि डीडीआर५ ला प्रत्येकी २८८. पिना सारख्या असल्या तरी खालची खाच वेगळ्या जागी असते, म्हणून डीडीआर५ ची स्टिक डीडीआर४ च्या स्लॉटमध्ये बसतच नाही. जोर लावून बसवायचा प्रयत्न करणारे महाभाग असतात. त्यांच्या हाती तुटका स्लॉट येतो. व्होल्टेजही वेगळे: डीडीआर४ ला १.२, डीडीआर५ ला १.१. शिवाय डीडीआर५ मध्ये वीज सांभाळणारी चिप मदरबोर्डवरून उचलून स्टिकवरच आणली आहे. प्रोसेसर ज्यात बसतो त्या एएमडीच्या एएम४ सॉकेटवर फक्त डीडीआर४ चालते, एएम५ वर फक्त डीडीआर५. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरना दोन्ही चालतात, पण मदरबोर्ड सहसा एकाच प्रकारचा असतो. तेव्हा प्रोसेसरचे नाव पाहून ऑर्डर देऊ नका. बोर्डाचा मॉडेल क्रमांक वाचा.

सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड रॅम हा आणखी एक मोह. डीडीआर४ च्या काळातली अशी स्टिक घरच्या डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये हुबेहूब बसते, पण साधा प्रोसेसर तिला ओळखत नाही आणि संगणक सुरूच होत नाही.

पिढी जुळली म्हणजे रॅम जुळली, असे मात्र नाही. ते का, हे कळायला स्टिकच्या आत डोकवावे लागते. आयबीएममधले रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली ज्या रचनेचे पेटंट मिळाले, तीच मूळ कल्पना आजही चालू आहे: एका बिटसाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक अतिसूक्ष्म कपॅसिटर. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असेल तर १, नसेल तर ०. हा भार सतत गळत राहतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा भरावा लागतो. डीडीआर४ मध्ये नेहमीच्या तापमानाला दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ एकदा ताजी करावी लागते. वाचायचे म्हटले तर आधी पूर्ण ओळ उघडायची, तिच्यातला तो क्षीण भार ओळखता येईल इतका मोठा करायचा आणि मग हवा तो स्तंभ निवडायचा. यातल्या प्रत्येक पायरीला ठराविक वेळ द्यावाच लागतो. घाई केली तर १ च्या जागी ० वाचला जातो.

स्टिकच्या लेबलवर १६-१८-१८-३८ अशी जी आकड्यांची माळ दिसते, ती म्हणजे या थांब्यांचा हिशेब. पहिला आकडा सीएल, म्हणजे स्तंभ सांगितल्यापासून माहिती हातात पडेपर्यंत घड्याळाचे किती ठोके जातात. इथे अनेक जण फसतात. डीडीआर४-३२०० चे घड्याळ १६०० मेगाहर्ट्झचे असते, कारण प्रत्येक ठोक्याला माहिती दोनदा जाते. संगणकाच्या भागांची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये रॅमचा वेग निम्मा दिसतो तो याचमुळे, तुम्हाला कोणी फसवलेले नसते. एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदाचा, असे १६ ठोके म्हणजे १० नॅनोसेकंद. आता डीडीआर५-६००० सीएल३० घ्या. ठोका एक तृतीयांश नॅनोसेकंदाचा, तीस ठोके, पुन्हा १० नॅनोसेकंद! पिढी बदलली, आकडा जवळजवळ दुप्पट झाला, तरी हा थांबा तेवढाच. वाढला तो प्रवाह: ३२०० ची रॅम एका चॅनेलवरून, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम यांच्यामधल्या एका वाटेवरून, सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी देते, ६००० ची ४८ जीबी. आणि डीडीआर५-४८०० सीएल४० घेतली, तर तोच थांबा १६.७ नॅनोसेकंदांवर जातो. म्हणून नुसता मोठा आकडा पाहून रॅम घेऊ नये. सीएलला दोन हजाराने गुणून वेगाच्या आकड्याने भागले की नॅनोसेकंद मिळतात, तेवढे गणित फोनवर करून पाहावे.

हे सगळे आकडे संगणकाला कळतात कसे? प्रत्येक स्टिकवर एक छोटी चिप असते. तिच्यात त्या स्टिकची कुंडली लिहिलेली असते: क्षमता, वेग, थांबे, व्होल्टेज. सुरू होताना बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्रॅम, ती वाचते आणि जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या चौकटीतला, सुरक्षित वेग निवडते. खोक्यावर छापलेला वेग सहसा या चौकटीबाहेरचा असतो. तो इंटेलच्या एक्सएमपी किंवा एएमडीच्या एक्सपो या वेगळ्या प्रोफाइलमध्ये असतो आणि बायोसमध्ये जाऊन स्वतः चालू करावा लागतो. ३६०० ची रॅम घेऊन ती वर्षानुवर्षे २१३३ किंवा २६६६ वर चालवणारे कितीतरी आहेत. तेव्हा नवी रॅम घेण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये जुनीचा वेग पाहा. खोक्यावरचा आकडा तिथे दिसत नसेल, तर अर्धे अपग्रेड फुकटात पदरात पडणार आहे.

आणि आता मूळ मुद्दा. जुन्या स्टिकशेजारी दुसरी लावली की दोघींच्या कुंडल्या वाचून बायोस दोघींना झेपेल असा सामाईक वेग ठरवते. एका जोखडाला जुंपलेल्या बैलांतला मंद बैल जोडीची चाल ठरवतो, तसेच हे. जेडेकच्या मंद वेगावर अशी भेसळ बहुतेक वेळा चालूनही जाते. एक्सएमपी लावले की गाडी अडते, कारण ते प्रोफाइल त्या एका संचासाठी तपासलेले असते, दोन वेगळ्या संचांच्या मिश्रणासाठी नव्हे. ‘पण मी तर त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची घेतली!’ ही तक्रार नेहमीची. स्टिकवर नाव कोणाचेही असो, आतल्या मेमरी चिप मुख्यतः सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांच्या असतात, आणि मॉडेल क्रमांक तोच ठेवून आतली चिप बदलल्याची उदाहरणे भरपूर आहेत. वर्षभराच्या अंतराने घेतलेल्या दोन ‘सारख्या’ स्टिक आतून वेगळ्या निघू शकतात. लेबलवर १आर×८ किंवा २आर×८ लिहिलेले असेल तर तेही जुळवून पाहावे. पहिलीत चिपांचा एक गट असतो, दुसरीत दोन.

इतक्या बारीकसारीक फरकाने का अडावे? मदरबोर्डवर प्रोसेसर आणि रॅमचे स्लॉट यांच्यामधली जागा तिरप्या उजेडात पाहा. तिथल्या काही रेषा सरळ न जाता मुद्दाम नागमोडी वळणे घेत गेलेल्या दिसतील. काही संपर्कबिंदू जवळ असतात, काही लांब, आणि एकत्र निघालेले बिट एकत्रच पोहोचावे लागतात; म्हणून जवळच्यांची वाट वळणे घालून लांब केलेली असते. ६००० च्या वेगाला एका बिटच्या वाट्याला नॅनोसेकंदाचा सहावा भाग येतो. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा निर्वात पोकळीत पाचच सेंटिमीटर जातो आणि बोर्डावरच्या तारेतला संकेत साधारण त्याच्या निम्मे अंतर. इतक्या चिंचोळ्या वेळात मिलिमीटरही मोजावे लागतात.

चार स्लॉटच्या बोर्डावर दोन-दोन स्लॉट एकाच चॅनेलच्या तारांवर असतात. दोन स्टिक बसवताना प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायला सांगतात, ते उगाच नाही. बहुतेक बोर्डांवर हे तारेच्या टोकाचे स्लॉट असतात. जवळचा स्लॉट भरून टोकाचा रिकामा ठेवला, तर पुढे उरलेल्या तारेच्या तुकड्यावरून संकेत परावर्तित होऊन येतो आणि मूळ संकेतात मिसळतो.

चारही स्लॉट भरले की प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवरचा, म्हणजे रॅमशी देवाणघेवाण सांभाळणाऱ्या भागावरचा, बोजा वाढतो. रायझन ७००० या आपल्या प्रोसेसरांच्या मालिकेसाठी एएमडीने जाहीर केलेली मर्यादा बोलकी आहे: दोन स्टिक असतील तर ५२००, चार असतील तर ३६००. या मर्यादेच्या वर अनेकांची रॅम चालते, पण हमी तेवढ्याचीच. म्हणजे डीडीआर५ च्या १६-१६ च्या दोन स्टिक असताना आणखी दोन घातल्या, तर जीबी दुप्पट होतील आणि संगणक आधीपेक्षा मंद होऊ शकेल. डीडीआर५ वर माझा सल्ला सरळ आहे. जुनी जोडी काढून टाका आणि हव्या त्या क्षमतेची दोन स्टिकची एकच नवी जोडी घ्या. डीडीआर४ वर इतके कडक राहायचे कारण नाही. तिथे ३२०० वर चार स्टिक बहुधा निमूट चालतात, आणि एकेरी गटाच्या चार असतील तर गेममध्ये थोडा फायदाही दिसतो, कारण एक गट ताजा होत असताना कंट्रोलर दुसऱ्याकडून काम करून घेतो.

भेसळीचा धोका पत्करावा अशी एक जागा मात्र आहे. संगणकात एकच स्टिक असेल, तर दोनपैकी एक चॅनेल रिकामे पडलेले असते आणि प्रवाह निम्मा असतो. अशा वेळी तेवढ्याच क्षमतेची, त्याच वेगाची दुसरी स्टिक जोडणे हे सर्वांत मोठा फरक दाखवणारे अपग्रेड ठरते. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात तर हमखास, कारण तिथे चित्र काढण्याचे कामही याच रॅमवर चालते. ८ आणि १६ अशी विषम जोडीही बऱ्याच बोर्डांवर चालते. तेव्हा ८-८ चा भाग दोन्ही चॅनेलवरून आणि उरलेले ८ एकाच चॅनेलवरून धावते.

वेगाच्या हव्यासाबद्दल दोन शब्द. रायझन ७००० साठी खुद्द एएमडीने ६००० हा सोयीचा टप्पा म्हणून सांगितला होता. त्यापलीकडे जाताना मेमरी कंट्रोलर सहसा निम्म्या गतीवर न्यावा लागतो आणि कमावलेले बरेचसे तिथेच जाते. ८००० चा आकडा खोक्यावर छान दिसतो, पण तुमच्या प्रोसेसरला तो झेपेलच असे नाही. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर तपासलेल्या रॅमची यादी असते. तिच्यात किती स्टिकसह, कोणत्या वेगाला चाचणी झाली तो रकाना वाचा. यादीत नसलेली रॅम चालणार नाही असे नव्हे, पण असलेली घेतली तर वाद घालायला आधार राहतो. २४ किंवा ४८ जीबीच्या स्टिक घेणार असाल, तर आधी बायोस अद्ययावत करा; जुन्या बायोसला ही मापे ठाऊक नसतात. मोठा एअर कूलर असेल तर उंचीही मोजा. साधी स्टिक सुमारे ३१ मिलिमीटर उंच असते. रंगीत दिव्यांचा मुकुट घातलेली त्याहून बरीच उंच, आणि ती कूलरच्या पंख्याला अडते.

बसवल्यावर डीडीआर५ चा संगणक पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन काही मिनिटे काळी राहू शकते. कंट्रोलर तेव्हा प्रत्येक तारेवरची वेळ जुळवत असतो. घाबरून वीज बंद केली की हे सगळे पुन्हा पहिल्यापासून.

मग एक्सएमपी किंवा एक्सपो चालू करा आणि मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवा. इथे एक चूक म्हणजेही नापास. चुकीचा वाचलेला एक बिट गेम बंद पाडतोच, पण सेव्ह केलेली फाइलही बिघडवू शकतो. डीडीआर५ च्या चिपमध्ये चुका दुरुस्त करण्याची सोय असते, पण ती चिपच्या आतल्या चुकांपुरती. तारेवर बिघडलेला बिट तिला दिसत नाही. चूक आली तर प्रोफाइल बंद करून पुन्हा तपासा. तेव्हा ती गेली तर स्टिक शाबूत आहेत, वेग झेपत नाही. एक पायरी खाली उतरा. तरीही राहिली तर एकेक स्टिक एकटी लावून पाहा, दोषी सापडेल. ती वॉरंटीत बदलायला द्याल तेव्हा मात्र जोडीतल्या दोन्ही द्या. एकटी पाठवली तर तिच्या जागी येणारी स्टिक पुन्हा परकीच असेल.